वजनाचं लक्ष्य नसलेल्या गटाचं यश मोजायचं कसं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. वजनाची चिंता असलेल्या बायकांसाठी तुम्ही 14 आठवड्यांचा गट चालवता, आठवड्याला एक बैठक. डाएट नाही, कॅलरींचा हिशोब नाही, किलोंचं लक्ष्य नाही. भर आहे तो भूक ओळखण्यावर, झेपेल आणि आवडेल अशा हालचालीवर आणि स्वतःच्या शरीराशी वर्षानुवर्षं चाललेलं भांडण मिटवण्यावर. दोन गट पूर्ण झाले, बायका समाधानी आहेत. आता पैसे देणारी संस्था विचारते आहे, 'सरासरी किती किलो कमी झालं?' कुणाचं दोन किलोंनी उतरलंय, कुणाचं एकाने वाढलंय, बऱ्याच जणींचं जागच्या जागी आहे. मग कार्यक्रम यशस्वी झाला असं म्हणायचं का, आणि कशाच्या आधारावर?

मी आधी अशा गटांत आहारतज्ज्ञ म्हणून बसले आणि नंतर बरीच वर्षं अशाच कार्यक्रमांचं मूल्यमापन करत आले. त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

संस्थेच्या प्रश्नावर रागावू नका. पैसे देणाऱ्याने 'काय बदललं?' असं विचारणं रास्तच आहे, फक्त किलोंत विचारणं चुकलंय. आणि त्यात थोडी चूक आपलीही असते. आपण अर्जात 'वजनाच्या समस्येवरचा कार्यक्रम' असं लिहितो आणि नंतर सांगतो की वजन मोजू नका. म्हणून पुढच्या गटाची पहिली बैठक भरण्याआधी एक पान लिहून काढा: आपण बायकांना नेमकं काय देऊ म्हणतोय, त्यातलं काय किती दिवसांत दिसायला हवं, आणि ते दिसलं नाही तर आपण 'जमलं नाही' असं कबूल करणार का. हे शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. जो कार्यक्रम नापास होऊच शकत नाही, त्याच्या पास होण्याला काही किंमत नसते.

त्या पानावर बदलांची साखळी मांडा. आधी मन मारून खाणं सुटतं, मग भूक आणि पोट भरल्याची जाणीव परत येते, मग अधाशीपणाने, लपून खाण्याचे प्रसंग कमी होतात, मन हलकं होतं, हालचाल वाढते, आणि या सगळ्याच्या शेवटी कधीतरी रक्तदाब, साखर, दम यांत फरक पडतो. प्रत्येक कडीला वेगळा वेळ लागतो. खाण्याच्या वागणुकीतला फरक 14 आठवड्यांत पकडता येतो. रक्तातली तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीएवनसी, मागच्या दोन-तीन महिन्यांचं चित्र दाखवते. गटात आठव्या आठवड्याला रुजलेली सवय चौदाव्या आठवड्याच्या तपासणीत पुरती उतरलेलीच नसते. ती तपासणी सहा महिन्यांनी आणि वर्षाने करा.

आता वजनाकडे येते, कारण ते टाळून चालत नाही.

माझं मत स्पष्ट आहे: वजन मोजा, पण त्याला परीक्षक करू नका. न मोजण्याने संशय वाढतो. 'वजन वाढलं असेल म्हणून लपवताहेत' असं लोक म्हणतात, आणि त्यांना गप्प करायला आपल्या हातात काही नसतं. डाएट सोडलं की वजन सुसाट वाढेल, ही भीती बायकांनाही असते. ती खरी ठरली की नाही हे सांगणारा आकडा आपल्याकडे हवा.

पण कसं मोजायचं, यात सगळं येतं. एका गटात वजनकाटा दाराजवळच ठेवला होता. पहिल्याच दिवशी एक बाई आली. तिने चपला काढल्या, घड्याळ काढलं, ओढणी काढून खुर्चीवर ठेवली, खिशातल्या किल्ल्याही काढल्या. श्वास रोखून काट्यावर चढली आणि डोळे मिटून घेतले. आकडा लिहून झाल्यावर तिच्या हातात आम्ही काय दिलं? तर स्वतःच्या शरीराबद्दल काय वाटतं याची प्रश्नावली. तिच्या त्या दिवशीच्या उत्तरांत तिची नेहमीची मनःस्थिती किती होती आणि त्या पाच मिनिटांची किती, हे आजही मला सांगता येणार नाही. शेवटच्या बैठकीत आम्ही फॉर्म आधी भरून घेतला आणि काटा नंतर. साहजिकच 'सुधारणा' दिसली. तो अख्खा आकडा मला अहवालातून काढावा लागला.

तेव्हापासून माझा नियम आहे: आधी प्रश्नावल्या, मग रक्तदाब, वजन सगळ्यात शेवटी, वेगळ्या खोलीत, तिची परवानगी घेऊन, पाठमोरं उभं करून, आणि आकडा तिने विचारला तरच सांगायचा. सुरुवातीला जसं मोजलं, अगदी तसंच शेवटी मोजायचं. नको म्हणाली तर नाही मोजायचं, आणि किती जणी नको म्हणाल्या ते नोंदवायचं.

संस्थेपुढे ठेवायला पुरावा आहे. अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी 2005 साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. वारंवार डाएट करणाऱ्या, लठ्ठपणा असलेल्या 78 बायकांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं दोन गटांत विभागलं होतं. एका गटाला नेहमीचा डाएट कार्यक्रम, दुसऱ्याला 'हेल्थ अ‍ॅट एव्हरी साइज' पद्धतीचा, म्हणजे तुमच्यासारखाच. सहा महिने आठवड्याला एक बैठक आणि दोन वर्षांपर्यंत पाठपुरावा. डाएट गटाचं वजन सुरुवातीला उतरलं, पण दोन वर्षांत तो फायदा टिकला नाही. दुसऱ्या गटाचं वजन साधारण तेवढंच राहिलं, आणि आरोग्याच्या व मनाच्या मोजमापांत झालेली सुधारणा टिकली. माझ्या मते त्यातला सगळ्यात बोलका आकडा गळतीचा आहे: सहा महिन्यांत डाएट गटातल्या 41 टक्के बायका सोडून गेल्या, दुसऱ्या गटातल्या 8 टक्के.

पण प्रामाणिकपणे दुसरी बाजूही मांडायला हवी, नाहीतर आपण प्रचारक ठरू. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या 3,234 जणांवरच्या अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात (निष्कर्ष 2002 साली आले) 7 टक्के वजन घटवणं आणि आठवड्याला 150 मिनिटं हालचाल या लक्ष्यांमुळे मधुमेह होण्याचं प्रमाण 58 टक्क्यांनी कमी झालं, आणि त्यात वजन उतरण्याचा वाटा मोठा होता. तेव्हा 'वजनाचा आरोग्याशी काही संबंध नाही' असं तुमच्या गटात कुणी म्हणत असेल तर ते थांबवा. याच अभ्यासाच्या पुढच्या विश्लेषणात मात्र असंही दिसलं, की वजनाचं लक्ष्य न गाठलेल्यांमध्येही ज्यांनी हालचालीचं लक्ष्य गाठलं त्यांच्यात मधुमेहाचं प्रमाण 44 टक्क्यांनी कमी होतं. तुमच्या कार्यक्रमाचा पाया इथे आहे. काटा हलला नाही तरी शरीरात बरंच काही हलू शकतं, आणि ते तुम्हाला मोजून दाखवायचंय.

मग काय मोजायचं? खाण्याच्या वागणुकीसाठी खूप वापरली गेलेली एक प्रश्नावली 1985 सालची, 51 प्रश्नांची आहे. तिचे तीन भाग: खाण्यावर जाणूनबुजून ठेवलेला आवर, तो आवर सुटणं, आणि भुकेची ओढ. इथे एक मोठा खड्डा आहे. वजन घटवण्याच्या कार्यक्रमात पहिल्या भागाचे गुण वाढले की यश मानतात. तुमच्या कार्यक्रमात ते कमी व्हायला हवेत. एकदा मी अहवालात त्या भागाचं नाव 'संयम' असं लिहिलं आणि खाली आलं: 'बायकांचा खाण्याबाबतचा संयम घटला.' वाचणाऱ्यांनी कपाळाला हात लावला. संयम घटणं आपल्या भाषेत चांगलं कसं असेल? तो शब्द बदलून मी 'खाण्यावरचा पहारा' केला आणि त्याच वाक्याचा अर्थ लगेच सगळ्यांना लागला. शब्द निवडताना काळजी घ्या. प्रश्नावलीचं भाषांतर आधी पाच-सहा जणींना मोठ्याने वाचायला लावा आणि प्रत्येक प्रश्नाचा त्यांना काय अर्थ लागला ते विचारा.

पहाऱ्याचेही दोन प्रकार आहेत. एक लवचीक: आज जरा जास्त झालं, उद्या भूक बघून खाईन. दुसरा ताठर: एक घास जास्त झाला, म्हणजे आजचा दिवस वाया गेला, आता काहीही खा. हा दुसरा प्रकार आवर सुटण्याशी जोडलेला असतो आणि तो कमी झाला पाहिजे. दोन्ही एकाच बेरजेत टाकलं तर खरा बदल झाकला जातो. आणि अन्नावर सतत पहारा ठेवल्याने मनाचं काय होतं हे फार पूर्वी दिसलेलं आहे. 1944-45 मध्ये मिनेसोटा विद्यापीठात 36 धडधाकट तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं. त्यांचं बोलणं, वाचणं, स्वप्नं सगळं अन्नाभोवती फिरायला लागलं होतं, आणि बंधन उठल्यावर काही जणांना कितीही खाल्लं तरी पोट भरल्यासारखं वाटेना. ज्या बायका स्वतःला 'आळशी' आणि 'हावरट' म्हणत गटात येतात, त्यांना मी हे नेहमी सांगते.

याशिवाय अधाशी खाण्याचे प्रसंग, शरीराबद्दलची भावना, नैराश्याची लक्षणं आणि सहा मिनिटांत किती मीटर चालता येतं, एवढं पुरे. त्याहून जास्त फॉर्म लावू नका. चाळीस मिनिटं फॉर्म भरणारी बाई शेवटच्या दोन पानांवर डोळे झाकून खुणा करते. हालचाल मात्र 'किती करता?' असं विचारून कळत नाही. सगळेच जास्त सांगतात. चालण्याची चाचणी किंवा पावलं मोजणारं साधं उपकरण बरं.

प्रश्नावलीतली आणखी एक गोष्ट नव्या मूल्यमापकांना हमखास गोंधळात टाकते. 'पोट भरलं की मी थांबते' या वाक्यापुढे एका बाईने पहिल्या दिवशी 'जवळजवळ नेहमी' वर खूण केली होती. चौदाव्या आठवड्यात त्याच वाक्यापुढे 'कधीकधी'. कागदावर ती मागे गेली. मी तिला विचारलं, तर म्हणाली, 'अहो, तेव्हा पोट भरणं म्हणजे काय हेच मला माहीत नव्हतं. ताट संपलं की थांबायचे, त्यालाच पोट भरलं म्हणायचे.' म्हणजे ती पुढे गेली होती, मोजपट्टीच बदलली होती. यावर उपाय असा: शेवटच्या दिवशी दोनदा विचारा. आज कसं आहे, आणि आज मागे वळून बघता सुरुवातीला कसं होतं. त्याही उत्तरावर पूर्ण विसंबू नका, कारण माणसाला आपण सुधारलो असं वाटायला आवडतं. पण दोन्ही आकडे समोर असले आणि आठ-दहा जणींशी निवांत बोलणं झालं, की काय घडलं ते कळतं. ही बोलणी गट चालवणाऱ्या व्यक्तीने करू नयेत. जिने 14 आठवडे जीव लावला, तिच्या तोंडावर कोण म्हणणार की उपयोग झाला नाही?

तुलनेबद्दल. हे लिहिताना मला कळतंय की तुमच्याकडे दोनच गट आहेत आणि मोठ्या संशोधनाचा पैसा नाही. तरीही तुलनेशिवाय पुढचा गट घेऊ नका. कारण बायका गटात येतात त्या त्यांच्या सगळ्यात वाईट काळात. वजन वाढलेलं, डाएट नुकतंच मोडलेलं, डॉक्टर रागावलेले. अशा टोकाच्या क्षणानंतर काहीही न करता बऱ्याच जणी थोड्या सावरतातच. ते सावरणं आपल्या खात्यावर जमा करून घेणं बरोबर नाही.

कॅनडातल्या क्यूबेकमध्ये लाव्हाल विद्यापीठाच्या गटाने 144 बायकांवर जो अभ्यास केला (2009 साली त्याचे वर्षभराच्या पाठपुराव्याचे निष्कर्ष आले), तो मी सगळ्यांना वाचायला सांगते तो यासाठीच. त्यांनी 48-48 जणींचे तीन गट केले. पहिल्याला डाएटविरहित कार्यक्रम, 14 साप्ताहिक बैठका. दुसऱ्याला फक्त एकमेकींशी बोलायला जागा, शिकवणं नाही. तिसऱ्याला काहीच नाही, थांबा एवढंच. वर्षभराने आवर सुटणं आणि भुकेची ओढ या दोन्ही बाबतींत पहिला गट सुधारलेला होता, पण नुसत्या बोलणाऱ्या बायकांच्या गटातही सुधारणा होती. हे वाचून मी बराच वेळ विचार करत बसले होते. आपण इतक्या मेहनतीने सत्रं आखतो, आणि त्यातला बराच गुण बहुधा याचा असतो, की पहिल्यांदाच कुणीतरी सल्ला न देता ऐकून घेतलं. त्यात कमीपणा नाही. पण तुमच्या कार्यक्रमात काम नेमकं कशाने होतं हे सांगायचं असेल, तर हा प्रश्न उघडा ठेवावा लागेल.

तुमच्या आवाक्यातला मार्ग म्हणजे प्रतीक्षा यादी. नाव नोंदवणाऱ्यांतून चिठ्ठ्यांनी निम्म्या जणींना आत्ता घ्या, निम्म्यांना चार महिन्यांनी, आणि दोघींची मोजमापं एकाच वेळी करा. कुणालाही वंचित ठेवलं जात नाही. यात एक उणीव आहे: 'आता गट सुरू होणारच आहे' म्हणून थांबलेल्या बायका मधल्या काळात स्वतःहून काहीच करत नाहीत, आणि त्यामुळे तुमचा कार्यक्रम जरा जास्तच चांगला दिसतो. अहवालात ते लिहून टाका. चिठ्ठ्या टाकणं शक्यच नसेल तर नुसती तुलनाही चालते. क्यूबेकमधल्या सरकारी आरोग्य केंद्रांतून तोच डाएटविरहित कार्यक्रम प्रत्यक्ष सेवेत कसा चालतो हे पाहिलं गेलं, तेव्हा कार्यक्रमातल्या 216 बायकांची तुलना वाट पाहणाऱ्या 110 जणींशी केली होती.

एक आकडेमोडीची सूचना. एका गटात बसणाऱ्या बायका एकमेकींसारख्या होत जातात, म्हणून 24 जणी म्हणजे 24 स्वतंत्र साक्षी नव्हेत. 12-12 चे गट असतील आणि गटातलं साम्य अगदी थोडं, समजा 0.05 धरलं (0 म्हणजे काहीच साम्य नाही, 1 म्हणजे सगळ्या अगदी सारख्या), तरी तुमच्या 24 जणी सुमारे 15 जणींइतकीच माहिती देतात. एवढ्याशा संख्येवर मोठमोठ्या सांख्यिकी चाचण्या लावू नका. प्रत्येकीची आधीची आणि नंतरची खूण एका रेघेने जोडून दाखवा. किती रेघा वर गेल्या, किती खाली, किती सपाट, हे पाहणाऱ्याला जास्त खरं वाटतं आणि ते असतंही.

सोडून गेलेल्या बायका मोजायला विसरू नका. तुम्ही लिहिलंय, 'बायका खूश आहेत'. कोणत्या? शेवटच्या बैठकीला ज्या खुर्चीत बसल्या होत्या त्या. ज्या चौथ्या आठवड्यानंतर आल्याच नाहीत त्यांना फोन करा, आणि परत या म्हणून आग्रह करू नका. शेवटच्या कोणत्या बैठकीला आलात, त्या दिवशी काय झालं, आणि आम्ही काय वेगळं केलं असतं तर आला असतात, एवढंच विचारा. हिशोब करताना सुरुवातीला आलेल्या सगळ्या जणी धरायच्या.

असाच फोन केल्यामुळे मला एक गोष्ट कळली. सहाव्या बैठकीला एक जण बारीक होऊन आली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, गट चालवणारीनेही 'किती छान दिसतेस!' म्हटलं. जिचं वजन त्याच काळात वाढलं होतं ती कोपऱ्यात गप्प बसली आणि पुढे आलीच नाही. फोनवर म्हणाली, 'तिथेही तेच निघालं.' कार्यक्रमाच्या पुस्तिकेत सगळं बरोबर लिहिलेलं होतं, त्या तीन शब्दांनी ते पुसलं गेलं. म्हणून कार्यक्रम ठरल्याप्रमाणे चालला का, हेही मोजायचं. दर दोन-तीन बैठकांना त्रयस्थ व्यक्ती मागे बसवा, हातात छोटी यादी द्या: कुणाच्या शरीरावर शेरा आला का, एखाद्या पदार्थाला 'वाईट' म्हटलं गेलं का, बोलण्यात बायकांचा वाटा किती होता. गट चालवणारी व्यक्ती स्वतः डाएटवर असेल तर ते बायकांना कळतंच.

नुकसानीची नोंदही ठेवा. नैराश्याच्या नऊ प्रश्नांच्या प्रश्नावलीत नववा प्रश्न जीव नकोसा होण्याबद्दल आहे. त्यावर कुणी 'हो' म्हटलं तर त्याच दिवशी कोण बोलणार, कुठे पाठवणार, हे ठरवल्याशिवाय तो फॉर्म वाटूच नका. खाण्याचा तीव्र विकार असलेल्या बाईला गट पुरत नाही, तिला मानसोपचाराची जोड हवी. मधुमेहाची औषधं घेणाऱ्या बाईचं खाणं बदललं की औषधाची मात्राही तपासावी लागते. आणि 'वजनाची काळजी करू नका' हे ऐकून कुणी तपासण्याच बंद केल्या का, हे पाठपुराव्यात मुद्दाम विचारा. अलीकडे भूक कमी करणारी इंजेक्शनं घेणाऱ्या बायकाही गटात येतात. त्यांना नाकारू नका, पण नोंद करा आणि त्यांचे आकडे वेगळे दाखवा.

संस्थेला सध्या एवढं लिहा: 'या कार्यक्रमाने वजन घटवण्याचं वचन दिलेलं नव्हतं. मिळालेल्या नोंदींनुसार वजनात एकंदर मोठा बदल दिसत नाही. किती जणी आल्या, किती टिकल्या, त्यांचं म्हणणं काय, हे सोबत जोडलं आहे. तुलनेचा गट नसल्यामुळे याहून मोठा दावा आम्ही करत नाही. तिसऱ्या गटापासून पुढील गोष्टी, पुढील वेळी मोजू.' आणि खाली ते एक पान जोडा. मी असं पत्र मिळालेल्या संस्थांना पैसे थांबवताना क्वचितच पाहिलंय.

दोन्ही जुन्या गटांतल्या बायकांना या महिन्यातच फोन करा. सुरुवातीची मोजमापं नाहीत म्हणून हातावर हात धरून बसू नका. पहिला गट संपून वर्ष होत आलं असेल, तर गटानंतर नवं डाएट सुरू केलं का, डॉक्टरांकडे जाताना पूर्वीइतकी धास्ती वाटते का, गटात सुरू केलेली हालचाल चालू आहे का, ही उत्तरं आजही मिळतील आणि आणखी वर्षाने ती पुसट झालेली असतील. यादी करताना ज्या सोडून गेल्या त्यांची नावं वर लिहा आणि फोन त्यांच्यापासून सुरू करा.